दूरचा आवाज आणि दारातला पाळक : ना. वा. टिळकांच्या आयुष्याने दिलेले उत्तर

रेडिओ, उपग्रह वाहिन्या आणि इंटरनेट यांच्यामुळे शेकडो कोसांवरील प्रवचनकाराचा आवाज आज थेट घरात पोहोचतो. रविवारची उपासना भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहता येते. अशा वेळी गावातल्या लहानशा मंडळीचा पाळक अनावश्यक ठरतो काय, असा प्रश्न ख्रिस्ती समाजात अनेकदा विचारला जातो. प्रश्न नव्या साधनांमुळे निर्माण झाल्यासारखा वाटत असला, तरी तो तितकासा नवा नाही. मुंबईत १९२७ च्या जुलैमध्ये नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्याआधी आठ वर्षे या जगाचा निरोप घेतलेल्या एका मराठी कवीच्या आयुष्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला होता. ते कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

मराठी वाचक टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. ख्रिस्ती मंडळ्या त्यांना भक्तिगीतांचे कर्ते म्हणून ओळखतात. मात्र ज्या माणसाला धर्माचा पहिला स्पर्श दुरून आलेल्या शब्दाने झाला, ज्याचे स्वतःचे शब्द त्याच्याहून कितीतरी दूर गेले आणि तरीही ज्याने अखेरीस माणसांच्या सहवासालाच धर्माचे केंद्र मानले, असा माणूस म्हणूनही त्यांच्या चरित्राकडे पाहता येते.

पायाला चक्र

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. स्मरणशक्ती तीव्र, वाणी ओघवती आणि स्वभाव कमालीचा अस्थिर, असे त्यांच्या तारुण्याचे चित्र आहे. एका गावी मन रमत नसे आणि एका नोकरीत पाय ठरत नसे. कीर्तन, व्याख्यान, शिकवणी, ग्रंथसंपादन अशी अनेक कामे त्यांनी केली. मनात आले की ते घराबाहेर पडत आणि कित्येक दिवस त्यांचा ठावठिकाणा लागत नसे.

१८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका या मुलीशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी तिचे वय बारा वर्षांच्या आसपास होते. हीच मुलगी पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने मराठी साहित्यात अजरामर झाली. पतीच्या भटकंतीमुळे संसाराचा भार आरंभापासून तिच्यावरच पडला. मुले जन्मली, काही गेली. बिऱ्हाडे मांडली आणि मोडली. टिळकांचे प्रेम कमी नव्हते. परंतु ते प्रेम पुष्कळदा दुसऱ्या गावी असे. टिळकांच्या चरित्रातील पुढचे सारे नाट्य या एका गोष्टीत बीजरूपाने आहे.

आगगाडीत मिळालेले पुस्तक

नागपुरातील वास्तव्यात टिळकांनी संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम केले. जातिभेद, कर्मकांड आणि देशाची स्थिती यांविषयी त्यांचे मन या काळात अस्वस्थ होते. नवा धर्म स्थापन करावा, असेही विचार त्यांच्या मनात घोळत होते. १८९३ च्या सुमारास नोकरीसाठी राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाची गाठ पडली. संस्कृत काव्यावरून सुरू झालेले संभाषण धर्माकडे वळले आणि त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली. प्रवास संपला, सहप्रवासी आपल्या वाटेने गेला, पुस्तक मात्र टिळकांजवळ राहिले.

सुरुवातीस त्या पुस्तकाने त्यांना फारसे बांधून ठेवले नाही. डोंगरावरील प्रवचन मात्र वाचले आणि आपल्या अनेक प्रश्नांची उत्तरे येथे आहेत, असे त्यांना वाटले. पुढचे दिवस वाचन, चिंतन आणि पत्रव्यवहार यांत गेले. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा संपर्क झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

दूरच्या शब्दाचे सामर्थ्य नाकारणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावयास हवा. टिळकांच्या गावात कोणी पाळक त्यांची वाट पाहत बसला नव्हता. एका अनोळखी माणसाने हाती दिलेले पुस्तक आणि टपालाने आलेली उत्तरे यांनी त्यांना उंबरठ्यापर्यंत आणले. आज एखाद्या आडगावातील श्रोत्याला आकाशवाहिनीवरील प्रवचनाने जे घडते, त्याचेच हे जुने रूप होय. परंतु उंबरठा ओलांडण्यासाठी टिळकांना मुंबईस जावे लागले. बाप्तिस्मा टपालाने होत नाही. त्यासाठी पाणी लागते, कोणाचा तरी हात लागतो आणि साक्षीला मंडळी लागते.

पत्रे पोहोचली, पण...

धर्मांतराची बातमी नाशिककडे पोहोचली आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्या काळच्या रूढीप्रमाणे पती जातिबाह्य झाला होता. पती जिवंत असूनही संसार संपला, अशी त्यांची अवस्था झाली. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने जलालपूर, नाशिक, पंढरपूर येथे राहिल्या. इकडे टिळकांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात स्वतःला वाहून घेतले. तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ते शिकवू लागले.

ताटातुटीची ही वर्षे सुमारे पाच होती. या काळात टिळकांची पत्रे येत राहिली. मराठीतील एक श्रेष्ठ कवी आपल्या पत्नीला लिहीत होता. त्याच्याजवळ शब्द होते, तळमळ होती, युक्तिवाद होते आणि ऐकणारी व्यक्ती त्याच्यावर जीव टाकणारी होती. यापेक्षा प्रभावी दूरस्थ प्रवचनकार कोणता असू शकतो? तरीही त्या शब्दांनी लक्ष्मीबाईंचे मत पालटले नाही. पत्राने ओढ वाढली, दुःखही वाढले. विश्वास मात्र उपजला नाही.

अखेर लक्ष्मीबाई मुलासह अहमदनगरला आल्या. त्या आल्या त्या आपले सोवळे सांभाळूनच. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा, देवधर्म वेगळा. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. आपल्या डोळ्यांसमोर घडणारे जीवन त्या रोज पाहत होत्या. राहुरीच्या मुक्कामात जातिभेदाविषयी त्यांनी स्वतःच विचार केला आणि माणसामाणसांतील विटाळ देवाने निर्माण केलेला नाही, या निष्कर्षाला त्या आल्या. तो त्यांचा स्वतःचा निष्कर्ष होता. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षांच्या टपालाने जे साधले नाही, ते एका आवारातील सहवासाने साधले. या साऱ्या घालमेलीचा वृत्तान्त त्यांनी पुढे स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात लिहिला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मराठी गद्याचा मानदंड मानला जातो.

दुष्काळ, प्लेग आणि घराचे दार

टिळक दाम्पत्याचा हा नवा संसार सुरू झाला तो कठीण काळात. १८९९-१९०० च्या दुष्काळाने अहमदनगर जिल्हा होरपळून निघाला होता. त्यापूर्वीच, १८९६ मध्ये, मुंबईत शिरलेली प्लेगची साथ महाराष्ट्रभर पसरली होती. अनाथ मुले रस्त्यावर आली होती. टिळकांनी अशा मुलांना घरी आणले. त्यांचे जेवणखाण, आजार, भांडणे आणि शिस्त यांचा भार लक्ष्मीबाईंनी उचलला. प्लेगच्या साथीत मिशनच्या शाळेतील आजारी मुलींची शुश्रूषाही त्यांनी केली. ज्या बाईने काही वर्षांपूर्वी इतरांच्या हातचे पाणी वर्ज्य मानले होते, तीच बाई आता परक्यांच्या मुलींची उशापायथ्याशी बसून सेवा करीत होती.

येथे पाळक या शब्दाचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. पाळक म्हणजे केवळ प्रवचन करणारा नव्हे. मूळ शब्द कळप राखणाऱ्याचा आहे. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणाचा मुलगा घर सोडून गेला, कोणाचा नवरा दारू पिऊन मारतो, हे ज्याला ठाऊक असते तो पाळक. टिळक १९०४ मध्ये दीक्षित पाळक झाले. त्यांची वाणी श्रोत्यांना गुंगवून टाकणारी होती. परंतु त्यांचा भटका आणि भोळा स्वभाव दीक्षेने बदलला नाही. हातातले पैसे समोरच्या गरजवंताला देऊन रिकाम्या हाताने घरी येणारे टिळक आणि त्या रिकाम्या हातांचे गणित सांभाळणाऱ्या लक्ष्मीबाई, असे हे घर होते. प्रवचन टिळकांचे असे. पण दार उघडे ठेवण्याचे काम पुष्कळदा लक्ष्मीबाईंचे असे. कोणतीही दीक्षा नसलेली आणि शाळेचे तोंडही फारसे न पाहिलेली ही स्त्री त्या अर्थाने त्या घरातील खरी पाळक होती.

काव्याच्या क्षेत्रातही टिळकांची रीत हीच होती. खानदेशातील त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या वयाच्या कवीची प्रतिभा त्यांनी ओळखली. १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनानंतर हा मुलगा बालकवी म्हणून प्रसिद्ध झाला. टिळकांनी त्याला पत्रांतून उपदेश करण्यावर भागवले नाही. अहमदनगरला आपल्या घरी आणून ठेवले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्या घरातील त्यांचे स्थान त्यामुळे कमीही झाले नाही.

सुरांनी ओलांडलेली अंतरे

मात्र टिळकांचे सर्वांत दूरगामी कार्य शब्दांतूनच झाले, हेही तितकेच खरे आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये त्या काळी अनेक गीते इंग्रजीवरून भाषांतरित झालेली आणि पाश्चात्त्य चालींवर बसविलेली होती. त्यांतील मराठी पुष्कळदा अवघडलेली असे. टिळकांच्या आधी अहमदनगरच्याच कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची आणि देशी वळणाच्या पदांची वाट पाडली होती. टिळकांनी त्या वाटेचा राजमार्ग केला. अभंग आणि भजन यांच्या घडणीतून त्यांनी ख्रिस्तभक्ती गायली. ज्ञानेश्वर, तुकाराम यांचा वारसा त्यांनी सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशीच त्यांची भावना होती. त्यांची शंभरांहून अधिक पदे मंडळ्यांच्या गायनसंग्रहांत गेली. अभंगांजली हा त्यांच्या भक्तिरचनांचा संग्रह प्रसिद्ध आहे.

१८४२ मध्ये सुरू झालेल्या ज्ञानोदय या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी विभागाची धुरा १९१२ पासून टिळकांकडे आली. त्यामुळे त्यांचा शब्द ज्या खेड्यांत त्यांचे पाऊल कधी पडले नव्हते, तेथेही जाऊ लागला. एका पाळकाकडे अनेक गावे असत. तो नसेल त्या रविवारी गावचा शिक्षक किंवा एखादा वडीलधारा उपासना चालवी. तेव्हा टिळकांची पदे मंडळीच्या मदतीला येत. त्या काळचे हे प्रक्षेपणच होते, असे म्हणता येईल.

आजच्या प्रक्षेपणाहून त्यात एक महत्त्वाचा फरक होता. टिळकांचे पद ऐकून संपत नसे. ते गावे लागे. त्यासाठी कोणी तरी टाळ घेई, कोणी मृदंगावर थाप देई, म्हाताऱ्यांना चाल ठाऊक असे आणि मुलांना शब्द पाठ असत. दुरून आलेला शब्द मंडळीच्या मुखातून नव्याने उमटे. त्या पदाने मंडळीला घरी बसविले नाही, एकत्र बसविले. दूरचा शब्द आणि जवळचा सहवास यांचे नाते कसे असावे, याचा हा उत्तम नमुना होय.

जवळ राहूनही दूर

इतक्यावरून स्थानिक पाळक केवळ जवळ राहतो म्हणून श्रेष्ठ ठरतो, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. टिळकांना तो मान्य झाला नसता. मिशनच्या कामात दोन दशकांहून अधिक काळ घालवल्यानंतर त्यांना एक वेगळेच अंतर जाणवू लागले होते. परदेशी मिशनरी गावातच राहत असे; पण त्याचा बंगला, त्याची भाषा आणि त्याच्या हातातील पगाराचे पुस्तक यांमुळे तो देशी ख्रिस्ती माणसापासून दूर राही. देशी पाळकही मिशनचा पगारी नोकर होई आणि त्याची नजर मंडळीपेक्षा कचेरीकडे अधिक लागे. भारतीय ख्रिस्ती मंडळीने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, आपल्या देशाच्या वेषात आणि सुरात देवाची भक्ती करावी, असे टिळकांचे आग्रहाचे म्हणणे होते. अमेरिकन मिशनऱ्यांपैकी अनेकांशी त्यांचा स्नेह होता. मतभेद माणसांशी नव्हता, रचनेशी होता.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची सेवा सोडली. वयाची पंचावन्न वर्षे उलटलेली, प्रकृती खालावलेली, गाठीशी पैसा नाही, अशा अवस्थेत त्यांनी संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निश्चय केला आणि सातारा येथे देवाचा दरबार ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे सर्व ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, त्यांच्यात बंधुभाव असावा, परकी चौकट आड येऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. ही कल्पना धाडसी होती आणि तिच्यावर टीकाही झाली. बाप्तिस्म्याची मर्यादा ओलांडल्यास मंडळीला काय आकार उरेल, ही शंका गैरवाजवी नव्हती. परंतु दरबार या शब्दातच टिळकांच्या विचाराचे मर्म आहे. दरबारात हजर राहावे लागते. तेथे समोरासमोर बसावे लागते.

या प्रयोगाला पुरेसे आयुष्य लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दफन न होता दहन झाले आणि अस्थी त्यांच्या कर्मभूमीत, अहमदनगरला नेण्यात आल्या.

मागे राहिलेली माणसे

टिळकांनी ख्रिस्तायन हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य लिहावयास घेतले होते. आरंभीचे काही अध्याय लिहून झाले आणि काम थांबले. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. साठांहून अधिक अध्यायांची भर घालून त्यांनी पतीचा संकल्प तडीस नेला. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९३८ मध्ये ख्रिस्तायन प्रसिद्ध झाले. ज्या लक्ष्मीबाईंना टिळकांच्या पत्रांनी पटवता आले नव्हते, त्यांनीच टिळकांचे अपुरे काव्य पुरे केले. दूरचा वाचक असे ऋण फेडीत नाही. बरोबर जगलेला माणूस फेडतो.

टिळकांच्या विचारांची ओढ इतरांनाही लागली. जॅक विन्सलो या इंग्रज धर्मगुरूने १९२२ मध्ये अहमदनगरला ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. भारतीय पद्धतीचे आश्रमजीवन आणि भारतीय व युरोपीय सभासदांचा बरोबरीचा सहवास, हे त्या संघाचे वैशिष्ट्य होते. पुढे विन्सलो यांनीच इंग्रजीत टिळकांचे चरित्र लिहिले.

ध्वनिलहरींचे युग

टिळकांच्या नंतर शब्दांना नवे पंख फुटले. स्वातंत्र्योत्तर काळात रेडिओ सिलोनवरून ख्रिस्ती प्रवचनांचे कार्यक्रम भारतात ऐकू येत. १९७० पासून २००३ पर्यंत हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवरून फार ईस्ट ब्रॉडकास्टिंग असोसिएशन ही संस्था लघुलहरींवर भारतीय भाषांतील कार्यक्रम प्रक्षेपित करीत असे. नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या, त्यानंतर इंटरनेट आले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा चर्चची दारे बंद झाली आणि गावोगावच्या पाळकांनाही पडद्यावरूनच बोलावे लागले.

तो काळ या प्रश्नाची खरी कसोटी ठरला. पडद्यावरील उपासनेने अनेकांना धीर दिला, हे नाकारता येणार नाही. अंथरुणाला खिळलेल्यांना, एकट्या राहणाऱ्यांना आणि ज्यांच्या गावात चर्चच नाही अशांना दुरून येणारा आवाज आजही आधार वाटतो. परंतु त्याच काळात सर्वांत बोचली ती दुसरीच उणीव. मृताच्या घरी जाता आले नाही, आजाऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करता आली नाही, एका भाकरीतून प्रभुभोजन घेता आले नाही. शब्द पोहोचत होता, माणूस पोहोचत नव्हता. १८९५ ते १९०० या वर्षांत लक्ष्मीबाईंनी जे अनुभवले, त्याचीच ही मोठ्या प्रमाणावरील पुनरावृत्ती होती.

टिळकांच्या आयुष्यातून निघणारे उत्तर म्हणून दुहेरी आहे. दूरचा शब्द बी पेरू शकतो. आगगाडीतल्या पुस्तकाने ते दाखवून दिले. दूरचा शब्द मंडळीला बळ देऊ शकतो. टिळकांची पदे आजही ते करतात. मात्र त्या शब्दाला आपला श्रोता ओळखता येत नाही. श्रोता ऐकता ऐकता रडू लागला तरी प्रवचनकाराला ते दिसत नाही आणि पुढच्या रविवारी तो आला नाही, तरी त्याची कोणी चौकशी करीत नाही. हे काम गावातल्या पाळकाचे आहे. त्याचे वक्तृत्व सामान्य असेल, त्याची चालही चुकत असेल. पण रात्री-अपरात्री दार वाजवले तर ते उघडणारा तोच असतो.

या उत्तराची दुसरी बाजू पाळकांसाठी आहे. शेजारी राहणारा पाळक जर दार लावून बसला, त्याचे लक्ष मंडळीऐवजी पदाकडे आणि पगाराकडे लागले, तर लोक दूरच्या आवाजाकडे वळतील आणि त्यांना दोष देता येणार नाही. टिळकांनी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी सुरक्षित आसरा सोडला तो याच अंतरावर मात करण्यासाठी. अंतर नेहमी मैलांतच मोजले जाते असे नाही. ते मोजण्याची खरी खूण लक्ष्मीबाईंच्या घरात होती. त्या घराचे दार दुष्काळातल्या अनाथ मुलांसाठी उघडे होते.